परदेशातून वाइन आणताना : दोन लिटरचे गणित आणि तिसऱ्या बाटलीचा प्रश्न

परदेश प्रवास आटोपून मायदेशी परतणाऱ्या भारतीयांच्या सामानात चॉकलेट आणि अत्तरांच्या जोडीने आता वाइनची बाटलीही दिसू लागली आहे. फ्रान्समधील बोर्दो, इटलीतील टस्कनी, पोर्तुगालमधील दोरू नदीचे खोरे, ऑस्ट्रेलियातील बरोसा किंवा दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथील द्राक्षमळे पाहून आलेल्या पर्यटकाला तेथील एखादी बाटली घरी न्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ती बाटली द्राक्षमळ्यापासून घराच्या टेबलापर्यंत पोचण्यापूर्वी तिला विमान कंपनीचे नियम, विमानतळावरील सुरक्षा तपासणी, भारतीय सीमाशुल्क आणि शेवटी राज्याचा मद्यविषयक कायदा अशा चार दारांतून जावे लागते. यापैकी एका दारातून मिळालेली सूट दुसऱ्या दारात चालत नाही. अनेक प्रवाशांची अडचण नेमकी येथेच होते.

या चारही टप्प्यांवर काय लक्षात ठेवावे, याची माहिती पुढे दिली आहे.

नियम काय सांगतो?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानाला सीमाशुल्क कायदा, १९६२ आणि त्याखाली केलेले सामानविषयक नियम लागू होतात. १९९८ च्या जुन्या नियमांची जागा १ एप्रिल २०१६ पासून नव्या नियमांनी घेतली. त्यांच्या परिशिष्टात काही वस्तूंची यादी असून या वस्तूंना सर्वसाधारण शुल्कमाफी मिळत नाही. दोन लिटरपेक्षा अधिक मद्य किंवा वाइन ही त्यांपैकी एक होय. याचाच अर्थ दोन लिटरपर्यंतचे मद्य प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी शुल्काविना आणता येते.

या नियमातील तीन गोष्टींकडे प्रवाशांचे बरेचदा दुर्लक्ष होते. पहिली गोष्ट म्हणजे ही मर्यादा सर्व प्रकारच्या मद्यांची मिळून आहे. दोन लिटर वाइन आणि त्याशिवाय दोन लिटर व्हिस्की असा तिचा अर्थ नाही. व्हिस्कीची एक लिटरची बाटली घेतली, तर वाइनसाठी एकच लिटर उरतो.

दुसरी गोष्ट मूल्याची. दोन लिटरपर्यंतचे मद्य सर्वसाधारण शुल्कमाफीच्या आत मोजले जाते. ती त्याहून वेगळी, जादा सवलत नव्हे. २०१६ च्या नियमांनी भारतीय रहिवाशासाठी ही सर्वसाधारण मर्यादा ५०,००० रुपये ठेवली होती. अशा मर्यादा सरकार वेळोवेळी बदलत असते, म्हणून प्रवासापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर प्रचलित आकडा पाहून घ्यावा. साध्या वाइनच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही. पण एखाद्या नामांकित जुन्या वाइनची एकच बाटली मोठ्या किमतीची असेल, तर लिटरच्या हिशेबात बसूनही ती मूल्याच्या हिशेबात बाहेर जाऊ शकते.

तिसरी गोष्ट अशी, की भारतात उतरल्यावर आगमन कक्षातील ड्युटी-फ्री दुकानातून घेतलेली बाटलीही याच दोन लिटरमध्ये धरली जाते. बॅगेत दोन बाटल्या असताना दुकानातील सवलतीच्या मोहाने आणखी एक बाटली घेणारा प्रवासी, सीमाशुल्क अधिकाऱ्यापासून काही पावलांवर असताना स्वतःच मर्यादा ओलांडतो.

तिसरी बाटली

नियम लिटरमध्ये आहे आणि वाइन मात्र बाटलीत विकली जाते. जगभर वाइनची प्रचलित बाटली ७५० मिलिलिटरची असते. दोन बाटल्यांचे दीड लिटर होते. तीन बाटल्यांचे होते सव्वादोन लिटर, म्हणजे मर्यादेपेक्षा २५० मिलिलिटर अधिक. सामान्य आकाराच्या बाटल्या घेणाऱ्यास शुल्काविना दोनच बाटल्या आणता येतात आणि अर्धा लिटर सवलत वापरावाचून राहते.

ही उरलेली जागा भरून काढण्याचा मार्ग लहान बाटल्यांतून जातो. हंगेरीतील टोकाय प्रदेशाची सुप्रसिद्ध गोड वाइन अर्ध्या लिटरच्या बाटलीत येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि टोकायची एक, असा नेमका दोन लिटरचा हिशेब जुळतो. फ्रान्समधील सोतर्नसारख्या गोड वाइन ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीतही मिळतात. दोन पूर्ण आणि एक अर्धी बाटली मिळून १.८७५ लिटर होते, तेही मर्यादेत बसते. मॅग्नम नावाने ओळखली जाणारी मोठी बाटली दीड लिटरची असते. खोक्यात मिळणारी तीन लिटरची वाइन मात्र पहिल्याच टप्प्यावर मर्यादेबाहेर जाते.

कुटुंबाने प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पती-पत्नी दोघांचे मिळून चार लिटर होतात आणि पाच बाटल्यांचे पावणेचार लिटर, तेव्हा पाच बाटल्या चालतील, असा तर्क सहज सुचतो. परंतु एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही, असे २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. पाच बाटल्या दोघांत वाटल्या, तर एकाच्या वाट्याला तीन येतातच आणि त्याची मर्यादा ओलांडली जाते. दोघांसाठी सुरक्षित संख्या चार बाटल्यांची आहे. लहान मुलांच्या नावावर बाटल्या मोजणे तर सर्वथा टाळावे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला केवळ वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंचीच सवलत आहे.

ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्यांचा या बाबतीत गोंधळ होण्याचा विशेष संभव असतो. ऑस्ट्रेलियात प्रवेश करणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २.२५ लिटर मद्य शुल्काविना नेता येते, म्हणजे अगदी मोजून तीन बाटल्या. मेलबर्न किंवा सिडनी येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या संख्येची सवय झालेली असते. भारतात येताना तोच हिशेब धरला, तर तिसरी बाटली अडचणीची ठरते.

देशागणिक वेगळी मोजपट्टी

ज्या देशात आपण प्रवेश करतो त्या देशाची मर्यादा लागू होते, ज्या देशातून निघतो त्याची नव्हे. हे एक सूत्र लक्षात ठेवले, तर निम्मा गोंधळ दूर होईल.

ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला १८ लिटर साध्या वाइनची मुभा दिली. याच्या २४ बाटल्या होतात. युरोपीय संघाबाहेरून संघाच्या देशांत येणाऱ्यास चार लिटर साधी वाइन शुल्काविना नेता येते. अमेरिकेत २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला साधारणतः एक लिटरपर्यंत शुल्कमाफी मिळते. या उदार आकड्यांचा भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला काहीही उपयोग नाही.

काही देशांत तर प्रश्न मर्यादेचा नसून मनाईचा असतो. कुवेतमध्ये मद्य नेण्यास बंदी आहे आणि सौदी अरेबियातही सामान्य प्रवाशाला मद्य नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातींपैकी शारजा येथे मद्यविक्रीला बंदी आहे. अशा ठिकाणी मुक्काम करून पुढे यायचे असेल किंवा मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागणार असेल, तर बाटली विकत घेण्यापूर्वीच प्रवासाचा मार्ग तपासावा.

हातसामान की चेक-इन?

ऑगस्ट २००६ पर्यंत वाइनची बाटली हातात घेऊन विमानात चढता येत असे. त्या महिन्यात द्रव स्फोटकांच्या साहाय्याने विमाने उडवून देण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला आणि जगभरातील विमानतळांवर द्रव पदार्थांविषयीचे नियम बदलले. १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव हातसामानात नेऊ न देण्याचा नियम तेव्हापासून रूढ झाला. लहान बाटल्या एक लिटर क्षमतेच्या पारदर्शक पिशवीत ठेवाव्या लागतात. साहजिकच शहरातील दुकानातून किंवा द्राक्षमळ्यावरून घेतलेल्या बाटलीला चेक-इन सामानाखेरीज दुसरी जागा नाही.

सुरक्षा तपासणीनंतरच्या ड्युटी-फ्री दुकानातून घेतलेली बाटली याला अपवाद आहे. ती छेडछाड झाल्यास लगेच ध्यानात येईल अशा मोहोरबंद पारदर्शक पिशवीत दिली जाते आणि खरेदीची पावती पिशवीत दिसेल अशी ठेवलेली असते. अंतिम मुक्कामी पोचेपर्यंत ही पिशवी उघडू नये. मधल्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी होते, तेव्हा मोहोर तुटलेली किंवा पावती नसलेली बाटली जप्त होण्याची शक्यता असते.

युरोपातील काही विमानतळांवर नव्या पिढीची स्कॅनर यंत्रे बसवण्यात आली असून तेथे १०० मिलिलिटरची अट सैल करण्यात आली आहे. ही सूट त्या विमानतळापुरतीच असते. पहिल्या विमानतळावर हातसामानातून निघालेली बाटली विमान बदलताना दुसऱ्या विमानतळावर अडवली जाऊ शकते. थेट विमान नसलेल्या प्रवाशाने या सवलतीवर विसंबून राहू नये.

भारतात उतरून पुढे देशांतर्गत विमानाने जाणाऱ्यांनीही ही खबरदारी घ्यावी. परदेशातून मुंबई किंवा दिल्लीस येऊन नागपूरचे विमान पकडणाऱ्या प्रवाशाची सीमाशुल्क तपासणी सहसा पहिल्या विमानतळावरच होते आणि पुढील प्रवासासाठी त्याला नव्याने सुरक्षा तपासणीतून जावे लागते. त्यामुळे हातातील ड्युटी-फ्री बाटली पुढील विमानासाठी सामान जमा करतानाच चेक-इन बॅगेत ठेवून देणे श्रेयस्कर ठरते.

मद्यांशाचे तीन गट

विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मद्याकडे ज्वलनशील द्रव म्हणून पाहिले जाते. २४ टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेल्या पेयांवर धोकादायक पदार्थांचे निर्बंध नाहीत. २४ टक्क्यांहून अधिक व ७० टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेले पेय मूळ किरकोळ विक्रीच्या वेष्टनात असावे लागते आणि प्रत्येक प्रवाशाला ते एकूण पाच लिटरपर्यंतच नेता येते. ७० टक्क्यांहून अधिक मद्यांश असलेले पेय सामानात नेण्यास मनाई आहे. ऑस्ट्रियात मिळणारी ८० टक्के मद्यांशाची रम या शेवटच्या गटात मोडते.

साध्या वाइनमध्ये सुमारे १२ ते १५ टक्के मद्यांश असतो. पोर्तुगालची पोर्ट वाइन अधिक तीव्र असली, तरी साधारण २० टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाइन पहिल्या गटात येते. याचा अर्थ एवढाच, की विमान कंपनीच्या दृष्टीने ती धोकादायक नाही. वजनाची मर्यादा तिलाही लागू असतेच. भरलेली बाटली काचेच्या जाडीनुसार साधारण १.२ ते १.६ किलो भरते. दोन बाटल्यांसाठी सुमारे तीन किलो वजन राखून ठेवावे लागते. २३ किलोच्या बॅगेत हा वाटा लहान नाही.

विमानाच्या पोटात बाटली फुटते का?

सामानकक्षात हवेचा दाब नसतो आणि त्यामुळे बाटली फुटते, हा समज बराच रूढ आहे. प्रत्यक्षात प्रवासी विमानाच्या सामानकक्षातही प्रवासी कक्षाइतकाच दाब राखलेला असतो. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असले, तरी आतील दाब सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो त्याहून कमी होऊ दिला जात नाही. हा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. बाटलीच्या आतील व बाहेरील दाबात जो फरक पडतो, तो बूच सहज सहन करते. शॅम्पेनच्या बाटलीत मुळातच पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो आणि तिची काच व तारेने बांधलेले बूच त्यासाठीच घडवलेले असतात. एका वातावरणाच्या चौथ्या हिश्श्याने तिला काही होत नाही.

थंडीचीही फारशी भीती नसते. वाइन उणे पाच अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि सामानकक्षाचे तापमान सहसा इतके खाली जात नाही. खरे शत्रू दोन आहेत : सामान चढवताना-उतरवताना बसणारे धक्के आणि उन्हाळ्यातील उष्णता. मे महिन्यात भारतीय विमानतळाच्या धावपट्टीलगत उभ्या असलेल्या सामानगाडीत किंवा उन्हात लावलेल्या मोटारीच्या डिकीत बॅग तापते, तेव्हा वाइन प्रसरण पावून बूच किंचित वर सरकते आणि वाइनचा ताजेपणा कमी होतो. तीस अंशांपुढील उष्णतेत बराच वेळ राहिलेली वाइन शिजवलेल्या फळासारखी लागू लागते. शक्य असल्यास वाइन आणण्याचा बेत उन्हाळा टाळून आखावा. ते जमत नसेल, तर विमानतळावरून थेट घर गाठावे.

बांधणी कशी करावी?

बाटली सुखरूप पोचवण्यासाठी महागड्या पेटीची गरज नाही. आधी बाटली बळकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बंद करावे, म्हणजे फुटलीच तर रंग इतर कपड्यांवर जाणार नाही. त्यानंतर जाड मोज्यात किंवा स्वेटरमध्ये गुंडाळावी. बाटलीची मान सर्वांत नाजूक असते, तिच्याभोवती कपड्याचा जादा वेढा द्यावा. हवेच्या फुग्यांची तयार वेष्टने परदेशातील वाइनच्या दुकानांत मिळतात, तीही उपयोगी पडतात.

बाटली बॅगेच्या बरोबर मध्यभागी ठेवावी. वर, खाली आणि चारही बाजूंना मऊ कपड्यांचा थर असावा. दोन बाटल्या एकमेकींना लागू देऊ नयेत. त्यांच्यामध्ये घडी केलेली जीन्स किंवा टॉवेल ठेवावा. बुटांच्या टाचा, चार्जर, डबे अशा कठीण वस्तू बाटलीपासून दूर ठेवाव्यात. बॅग बंद केल्यावर हलवून पाहावी. आत काहीही हलल्याचा आवाज आला, तर पुन्हा बांधणी करावी. कडक आवरणाची बॅग मऊ बॅगेपेक्षा अधिक सुरक्षित असते.

खरेदीची पावती मात्र बॅगेत न ठेवता हातसामानात ठेवावी. सीमाशुल्क अधिकाऱ्याने मूल्य विचारले, तर पावती हाच सर्वांत सोपा पुरावा असतो.

लाल मार्ग की हिरवा?

भारतात उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडण्याचे दोन मार्ग असतात. शुल्क भरण्याजोगी किंवा निषिद्ध अशी कोणतीही वस्तू ज्याच्याजवळ नाही, त्याच्यासाठी हिरवा मार्ग. ज्याच्याजवळ अशी वस्तू आहे, त्याने लाल मार्गाने जावे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ नुसार सामानात काय आहे हे जाहीर करण्याची जबाबदारी प्रवाशाचीच असते. हिरव्या मार्गाने चालत जाणे हीही एक प्रकारची घोषणाच आहे, हे विसरू नये.

तीन बाटल्या आणलेल्या प्रवाशासमोर अशा वेळी दोन पर्याय असतात. लाल मार्गाने जाऊन जादा वाइन जाहीर केली, तर तिच्यावर शुल्क भरून ती घरी नेता येते. हिरव्या मार्गाने जाताना पकडले गेले, तर प्रश्न शुल्कापुरता राहत नाही. न जाहीर केलेला माल कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरतो, कलम ११२ खाली दंड होऊ शकतो आणि माल सोडवून घ्यायचा झाल्यास कलम १२५ खाली वेगळी रक्कम भरावी लागते.

जादा मद्यावरील शुल्क बरेच जड असते. प्रवाशांच्या इतर वस्तूंसाठी २०१६ मध्ये ३५ टक्क्यांचा सवलतीचा दर ठरवण्यात आला होता. मद्य त्या दराच्या कक्षेत येत नाही. त्याला मद्याच्या आयातीचा स्वतंत्र दर लागतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात वाइनवरील आयात शुल्काची फेररचना करून ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर अशी विभागणी करण्यात आली. दोन्ही मिळून भार १५० टक्केच राहिला. या दराने दोन हजार रुपयांच्या वाइनवर तीन हजार रुपये शुल्क होते. साध्या वाइनसाठी इतके पैसे मोजणे क्वचितच परवडते.

ऑस्ट्रेलियाबरोबरच्या व्यापार करारानुसार २९ डिसेंबर २०२२ पासून ठराविक किमतीपुढील ऑस्ट्रेलियन वाइनवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले. अशा करारांचा लाभ मुख्यतः व्यापारी आयातीला होतो. प्रवाशाची दोन लिटरची मर्यादा त्यामुळे वाढत नाही. मात्र एखादी परदेशी वाइन आपल्याच शहरातील दुकानात वाजवी भावात मिळू लागली असेल, तर ती सामानातून वाहून आणण्यात अर्थ उरत नाही. दोन बाटल्यांची जागा येथे न मिळणाऱ्या वाइनसाठी राखावी.

आणखी एक इशारा येथे देणे आवश्यक आहे. सहप्रवाशाने किंवा ओळखीच्या माणसाने ‘तुमच्याकडे जागा आहे, माझी एक बाटली घ्या’ अशी विनंती केली, तर ती नम्रपणे नाकारावी. आपल्या बॅगेतील प्रत्येक वस्तूचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. तसेच ही सवलत स्वतःच्या वापरासाठी व भेटीसाठी आहे. आणलेली वाइन विकणे बेकायदेशीर आहे.

विमानतळाबाहेरचा कायदा

सीमाशुल्काचा टप्पा पार झाला की आपण मोकळे झालो, असे बहुतेकांना वाटते. परंतु राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात. केंद्राने दिलेली दोन लिटरची सवलत ही केवळ आयात शुल्कातील सवलत आहे. ती राज्याचा मद्यपरवाना नव्हे.

गुजरातमध्ये १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. मुंबई राज्याच्या काळातील १९४९ चा दारूबंदी कायदा तेथे पुढे चालू राहिला. वडोदरा, अहमदाबाद आणि सुरत येथील मराठी कुटुंबांना हे माहीत असते. पण परदेशातून मुंबईला उतरून रस्त्याने किंवा रेल्वेने वडोदऱ्याला जाणाऱ्या पाहुण्याला त्याची कल्पना असेलच असे नाही. मुंबईत सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोरून निर्वेधपणे आलेली तीच बाटली, योग्य परवाना नसल्यास, गुजरातच्या हद्दीत गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. परराज्यातील व परदेशी पाहुण्यांसाठी तेथे परवान्याची सोय आहे. ती आधी घ्यावी किंवा बाटली नेऊच नये. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी असून तेथील कायदा अत्यंत कठोर आहे. नागालँडमध्ये १९८९ च्या कायद्याने बंदी लागू झाली.

महाराष्ट्रातही सर्वत्र एकच स्थिती नाही. महात्मा गांधींच्या सेवाग्राम आश्रमामुळे ओळखला जाणारा वर्धा जिल्हा आणि गडचिरोली जिल्हा येथे दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. नागपूर विमानतळावर उतरून वर्ध्याला घरी जाणाऱ्या प्रवाशाने हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. अंतर जेमतेम ७५ किलोमीटरचे असले, तरी कायदा बदलतो. राज्याच्या इतर भागांत मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. मद्यपानाचे किमान वयही राज्याराज्यांत निराळे आहे.

गोव्यात उतरून रस्त्याने सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरकडे येणाऱ्यांच्या वाहनांची सीमेवर मद्यासाठी तपासणी होत असते. गोव्यातील स्वस्त मद्याची चोरटी वाहतूक रोखणे हा त्यामागील हेतू असतो. परदेशातून आणलेल्या बाटलीची खरेदीची पावती आणि विमानप्रवासाचा बोर्डिंग पास जवळ असला, तर बाटली कोठून आली हे सांगणे सोपे जाते.

घरी पोचल्यावर

लांबच्या प्रवासानंतर वाइनला काही दिवस स्वस्थ पडू द्यावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. जुन्या लाल वाइनमध्ये तळाशी गाळ असतो आणि प्रवासात तो ढवळला जातो. अशी बाटली आठवडाभर उभी ठेवली, की गाळ पुन्हा खाली बसतो. बुचाची बाटली दीर्घकाळ ठेवायची असल्यास आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते. वाइनला १२ ते १५ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान मानवते. आपल्याकडील उन्हाळ्यात ते घरात मिळणे कठीण असल्याने, खास शीतकपाट नसेल तर वाइन वर्षानुवर्षे साठवण्यापेक्षा लवकर उघडणे शहाणपणाचे.

थोडक्यात

खरेदी करतानाच लिटरचा हिशेब करावा : ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि हवी असल्यास अर्ध्या लिटरपर्यंतची एक लहान बाटली.

प्रत्येक प्रवाशाचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. ड्युटी-फ्री दुकानातील खरेदीही त्यातच मोजावी.

शहरातून घेतलेली बाटली चेक-इन बॅगेत, मध्यभागी आणि चहूबाजूंनी कपड्यांत ठेवावी. पावती हातसामानात असावी.

ड्युटी-फ्री दुकानाची मोहोरबंद पिशवी अंतिम मुक्कामापर्यंत उघडू नये.

मर्यादेपेक्षा अधिक मद्य असल्यास न चुकता लाल मार्गाने जावे.

ज्या राज्यात आणि जिल्ह्यात जायचे आहे तेथील मद्यविषयक कायदा निघण्यापूर्वी पाहून घ्यावा.

वाइनची बाटली ही प्रवासाची आठवण असते आणि बहुधा कोणाबरोबर तरी वाटून घेण्यासाठीच ती आणलेली असते. परदेशातील दुकानात तिसरी बाटली उचलण्यापूर्वी मिनिटभर केलेला हिशेब, ती आठवण सीमाशुल्काच्या टेबलावर किंवा पोलीस ठाण्यात संपू देत नाही.